बुडाला चढवलेली माती

आमच्या संघात बातमी सांगायची एक रीत आहे. आधी झाडांचं सांगायचं, मग पोरांचं. कुणाच्या मुलाला नोकरी लागो की कुणाला नातू होवो, उभं राहिल्यावर पहिलं वाक्य बागेचंच हवं. एकदा आमच्यातला एक जण पेढ्यांचा डबा घेऊनच उभा राहिला होता, पोरगी डॉक्टरीला लागली म्हणून. त्याला साहेबांनी हातानंच थांबवलं. "पोरगी कुठं पळून जात नाही. लिंबावरच्या खैऱ्या रोगाचं काय झालं ते सांगा." लिंबाचं सांगून होईपर्यंत बिचाऱ्याचा डबा हातातच.

पैनगंगेपलीकडच्या एका उद्यान विद्यालयात शिकलो आणि नदीच्या अलीकडे, दुसऱ्या राज्यातल्या आपापल्या गावी, परत आलो, अशा आम्हा लोकांचा हा माजी विद्यार्थी संघ. संघ म्हणजे काय, पंधरा-वीस घरं, मोबाइलवरचा एक ग्रुप आणि वर्षातून दोनदा कुणाच्या तरी शेतात जाजम टाकून भरणारी बैठक. शिकलो सगळे फळझाडं, पण पोट झाडांवर चालतं असे थोडेच. मी बोथकडच्या एका सरकारी शाळेत विज्ञान शिकवतो. कुणी मंडल ऑफिसात, म्हणजे इकडच्या तहसिलीत, आहे, कुणी खताच्या दुकानात. ज्यांना आम्ही साहेब म्हणतो ते उद्यान खात्यातून निवृत्त झालेत. निवडणूक कधी झाली नाही, तरी अध्यक्ष तेच. आणि माझ्याच वर्गातला माझा जिवलग मित्र बोथला नर्सरी चालवतो. सगळे त्याला नर्सरीवालाच म्हणतात, मीही इथं तेच म्हणतो.

या लोकांचे माझ्यावर फार उपकार आहेत. ते लिहायचे तर आधी मला माझं लिहावं लागेल. ते मी बरीच वर्षं टाळलं. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा असा समज असतो की तो खोटं बोलत नाही. त्या समजाचा मी भरपूर फायदा घेतला.

वडिलोपार्जित वावरात दोन एकर मोसंबी लावायचं मी ठरवलं तेव्हा संघातल्या सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन. आजूबाजूला नजर जाईल तिथवर कापूस आणि ज्वारी. अशा मातीत मोसंबी होत नाही, असं सगळे म्हणत. पण वर्गात मोसंबी-संत्र्याच्या विषयात माझा पहिला नंबर असायचा, त्यामुळे "हा करून दाखवील" असं ठरूनच गेलं. नर्सरीवाल्यानं जंबेरी लिंबाच्या खुंटांवर स्वतःच्या हातानं मोसंबीचे डोळे भरून कलमी रोपं तयार केली. रोपांचा टेम्पो आला तेव्हा हा पठ्ठ्या ड्रायव्हरशेजारी न बसता मागं रोपांत उभा राहून आला होता, वळणावर रोपं कलंडू नयेत म्हणून. खड्डे भरायला आख्खा संघ आला. त्या वर्षीचा संघाचा उपक्रम म्हणजे माझी बाग.

डोळा भरलेल्या रोपाच्या बुडाशी एक गाठ असते. गाठीच्या खाली जंबेरीचं खोड, वर मोसंबी. ती गाठ जमिनीच्या वर, चांगली वीतभर वर, उघडी राहिली पाहिजे. ती मातीत दबली की पावसाळ्यात मोसंबीची साल ओल धरते, कुजते, खोडातून डिंक गळायला लागतो. आम्ही त्याला डिंक्या म्हणतो. पहिल्या वर्षाला असलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी तर याच प्रश्नाचं उत्तर परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं.

आणि तरीही. दुसऱ्या वर्षी आषाढात वारा सुटला होता, रोपं गदगदा हलत होती. शेजारच्या तुकड्यात कापसाला डवरणी, म्हणजे बैलांची कोळपणी, चालू होती. डवऱ्याला दोरी गुंडाळली की माती ओळीच्या बुडाला चढते आणि कापूस कसा ताठ उभा राहतो, ते बघत मी बांधावर उभा होतो. लहानपणापासून पाहत आलोय. मी गड्याला म्हणालो, "मोसंबीतूनबी दोन फेरे मार." बस्स. शिकलेलं सगळं डोक्यात होतं, पण तोंडातून निघालं ते बापाच्या वावरातलं. संध्याकाळी रोपं ताठ उभी होती आणि मी खूश होतो.

पुढच्या पावसाळ्यापासून एकेक झाड पिवळं पडायला लागलं. मी औषधं टाकली, पाणी बदललं, मातीला दोष दिला. ते सगळं करताना कारण मला ठाऊक होतं. विहिरीजवळच्या कोपऱ्यात बैल वळत नाहीत, तिथल्या एका झाडाला माती चढलीच नव्हती. ते तेवढं हिरवंगार राहिलं. बाकीची बाग दोन वर्षांत गेली. उन्हाळ्यात मी ती खोदून काढली आणि मृगात तिथं कापूस लावला.

त्यानंतरच्या बैठकीत मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. पण माझी पाळी यायच्या आधीच नर्सरीवाला जाजमाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडला, "काय बे, माह्या पोरी कशा हायेत?" रोपांना तो पोरी म्हणतो. त्याच्या तोंडावरचं हसू बघून माझी जीभ वळली.

"बऱ्या हायेत," मी म्हणालो.

मग मुलाच्या शाळेचं काहीतरी सांगून खाली बसलो.

त्या दोन शब्दांना पुढं खतपाणी घालावं लागलं. विहिरीजवळचं झाड भरभरून फळायचं. त्याची फळं टोपलीत घालून मी बैठकीला न्यायचो. बाग चांगली आहे असं मी पुन्हा कधी तोंडानं म्हटलं नाही, फळं ठेवून गप्प बसायचो. साहेब फोड चाखून म्हणायचे, "काळ्या मातीत हे फळ! लोकांना दाखवायला पाहिजे." बाग बघायला यायचं म्हणाले की माझ्याकडे कारण तयार. चिखल आहे. फवारणी चालू आहे. हिची तब्येत बरी नाही. ही सगळं ऐकून असायची. ती एकदाच बोलली, पण असं बोलली की मला जेवण गेलं नाही. "झाडंच मेले ना जी? मानूस मारल्यावानी काऊन लपवून राह्यले?"

मला लाज वाटायची ती झाडं मेल्याची नव्हती. सगळ्यांची मेली आहेत कधी ना कधी. मी कोणत्या चुकीनं मारली, त्याची लाज होती. मंडल ऑफिसातल्या कारकुनानं ही चूक केली असती तर आम्ही हसून सोडून दिलं असतं.

आता ताईंबद्दल सांगतो. संघात त्या आम्हाला बऱ्याच ज्युनियर. तलमडुगुकडच्या. मालक एसटीवर, म्हणजे इकडच्या आरटीसीच्या बसवर ड्रायव्हर. शेती ताईच बघतात. खासगी कंपनीतली नोकरी सोडून आल्या आणि सासऱ्यांशी वर्षभर वाद घालून कापसाचं वावर मोसंबीसाठी मोकळं करून घेतलं. सासऱ्यांना पटवताना त्यांनी कुणाचं उदाहरण दिलं असेल? माझं. "आमच्या संघातल्या भाऊंची बाग काळ्या मातीतच हाय," असं सांगून.

हे मला पुढं कळलं. पण त्यांनी भर बैठकीत विचारलं ते मात्र मी ऐकलं होतं. "भाऊ, माह्या वावरात वारा लय हाय. रोपं उभे राहून नाई राह्यले. तुमी काय केलं होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला म्हणता आलं असतं, काठ्या रोवा. पुस्तकात तेच आहे. पण खोट्याला तपशील लागतो, आणि माझ्याकडे खराखुरा तपशील एकच होता.

"थोडी माती चढवली बुडाले," मी म्हणालो. "धरून राह्यतात मंग."

नर्सरीवाल्यानं मान वर केली. "माती? किती माती?"

"थोडीच बे."

तेवढ्यात पानं वाढल्याची हाक आली आणि विषय तिथंच राहिला. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. मी नीट जेवलो, हे मला अजून आठवतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी ग्रुपवर ताईंचे फोटो आले. खोडावर डिंकाचे थेंब, मधासारखे. खाली एकच ओळ: झाडं पिवळे पडून राह्यले, काय करू? बघता बघता सल्ल्यांची रांग लागली. एकानं औषध सांगितलं, दुसऱ्यानं पाणी तोडा म्हटलं, तिसऱ्याला मुळावरची सूत्रकृमी दिसली. नर्सरीवाल्यानं लिहिलं, बुडाचा फोटो टाक. ताईंनी टाकला. त्यात खोड सरळ मातीत शिरत होतं. गाठ कुठं दिसतच नव्हती.

मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होतो. मला वाटलं, आपण खासगीत एक ओळ लिहू. झाडं वाचतील आणि मीही वाचेन. ताईंना मेसेज टाकला: बुडाची माती काढून गाठ उघडी करून पाहा.

लगेच उत्तर आलं. "नाई भाऊ, माती नाई काढत. तुमची बाग मातीनंच त टिकली. साहेबबी म्हनत होते, बूड हालत असंल त बुरशी घुसते. काल आनखी दोन-दोन घमेले टाकली."

तो मेसेज मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. तासाची घंटा झाली तेही ऐकलं नाही. माझा खरा सल्ला माझ्याच खोट्या बागेपुढं हरला होता. ती बाग उभी होती तोवर ताईंची झाडं वाचणार नव्हती. आणि ती पाडणं माझ्याशिवाय कुणाच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तलमडुगुला गेलो. हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जा. आन् चहा प्यायच्या आधी सांगा. चहा प्यालं का तुमी नाई सांगत मंग." माझ्या बायकोला मी किती ठाऊक आहे, ते त्या दिवशी कळलं.

ताई वावरातच होत्या. "या भाऊ, चहा मांडतो," म्हणून झोपडीकडं वळल्या.

"चहा मंग. आंधी फावडं द्या."

पहिल्याच झाडाचं बूड मी उकरलं. फावडं बाजूला ठेवून शेवटची माती हातानं काढली. गाठ लागली. तिच्यावरची साल तपकिरी, मऊ. बोट लावलं तर सरकली. आंबूस वास आला. हा वास मला पाठ होता.

"ताई, माही बाग नाई," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"मेली. कवाच मेली. तिथी कापूस हाय आता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आन् मोसंब्या आनत होते थ्या?"

"विहिरीजवळ एक झाड हाय. त्याच्याच."

"मंग थे मातीचं?"

"मातीनंच मेली. हे असंच झालं होतं. मी केलं होतं."

"मी इचारलं तवा तुमाले ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

त्या बांधावर बसल्या. डोक्यावरचा पदर सोडून त्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. समोर त्यांच्या सगळ्या ओळी होत्या, सगळी बुडं मातीत. मग उठल्या, माझ्या हातातून फावडं घेतलं. मला वाटलं, आता चालतं व्हा म्हणतील. त्या दुसऱ्या झाडापाशी गेल्या आणि उकरायला लागल्या.

"झोपडीत दुसरं फावडं हाय," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "थी ओळ तुमी धरा, ही मी धरतो."

आम्ही दुपारपर्यंत गाठी उघड्या करत होतो. अर्ध्या ओळीत आल्यावर त्या मान वर न करता म्हणाल्या, "मले राग नाई आला असं समजू नका, सर. आत्ता रागाले टाइम नाई."

भाऊचा सर झाला होता. तो शब्द फावड्यापेक्षा जोरात लागला, पण मला तोच योग्य वाटला.

पाणी पिताना त्यांनी माझ्या खिशातल्या मोबाइलकडं बोट दाखवलं. "ग्रुपवर सांगा. तुमचं ऐकून आनखी कोनी माती चढवली असंल त?" हे माझ्या मनातही आलं नव्हतं. हाताला डिंक आणि चिखल लागलेला, लिहिता येईना, म्हणून बोलूनच पाठवलं. काय बोललो ते नीट आठवत नाही. झाडं मेली, मी मारली, ताईंनी माझं ऐकलं, कुणी आणखी ऐकलं असेल तर आजच माती काढा, असं काहीसं. शेवटी बोट सुटलं आणि ते गेलंही.

पहिलं उत्तर नार्नूरकडच्या एकाचं आलं: मीपण चढवली आहे, थोड्या झाडांना, आत्ता जातो. मग साहेबांचं आलं, खात्यात असताना काढायचे तसा हुकूम: रविवारी सकाळी सर्वांनी तलमडुगु येथे हजर राहावे. प्रत्येकाने खुरपे आणावे. मोरचूद मी आणतो. माझ्याबद्दल एक अक्षर नाही.

आणि मग नर्सरीवाल्याचा फोन. हॅलो नाही, काही नाही.

"सगळ्याच गेल्या?"

"एक सोडून."

"पोरी गेल्या थे गेल्या बे. मले काऊन नाई सांगतलं?" मी बोलायला गेलो तर म्हणाला, "तू चूप राय. तुले चूप राह्यता येते ना लय, मंग आता राय." मग म्हणाला, "मेलेल्याची खबर टाइमावर द्याव लागते. नातेवाईक असतात मानसाचे." आणि फोन ठेवला.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. नंतर आलो असतो तर आत जायचं धाडस झालं नसतं. एकेक गाडी येत गेली. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, कुणी तोंडही फिरवलं नाही. साहेबांनी माझ्या हातात बादली दिली. "चुना तुम्ही भिजवा. परीक्षेत पहिला नंबर होता ना?" लोक हसले. मीही हसलो. एवढं हलकं मला कैक वर्षांत वाटलं नव्हतं.

मोरचूद एका बादलीत, चुना दुसऱ्या बादलीत, आणि दोन्ही एकत्र करून खोडाला लावायचा मलम. आधी काय कशात ओतायचं यावरून तिथं असा वाद पेटला की विद्यालयातलं सगळं राजकारण वर आलं. कुणी कुणाचं बघून लिहिलं होतं तेही निघालं. साहेब म्हणाले, "एकेकाची पदवी परत घ्यायला पाहिजे." मग दोघं-दोघं ओळींत पांगलो. एकानं कुजलेली साल चाकूनं खरवडायची, चांगल्या सालीपर्यंत. दुसऱ्यानं मलम लावायचा. बाकीचे ओळींच्या मधून पाणी निघायला चर खोदत होते. ताईंचे मालक ड्यूटी संपवून खाकी कपड्यांवरच वावरात आले. एवढी माणसं बघून म्हणाले, "अरे बापा! माही बस बंद पडते तवा ढकलाले दोघं उतरत नाईत."

माझ्या ओळीत चाकू घेऊन नर्सरीवाला आला. मी मागून मलम लावत होतो. तो माझ्याशी बोलेना. पाचेक झाडं झाली. मग त्यानं झाडाकडं बघतच विचारलं, "बांधाकडची ओळ आंधी गेली का मधली?"

"मधली. तिथी पानी साचते."

"हं. मले वाटलंच होतं. मधल्या ओळीचे रोपं जराशे नाजूक होते."

मग त्यानं एकेका ओळीचं विचारलं. पहिलं पान कधी पिवळं पडलं, डिंक कोणत्या बाजूनं आला, खोदताना मुळं कशी निघाली. आपल्या माणसाचं शेवटचं आजारपण विचारावं तसं विचारत होता आणि मी सांगत होतो. सगळं सांगितलं. हे सगळं सांगायला मला तोच एक माणूस होता आणि त्यालाच मी इतकी वर्षं टाळलं. ओळ संपली तेव्हा तो चाकू पुसत म्हणाला, "कापूस त चांगला झाला का निदान?"

"नाई."

"बरं झालं," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

जेवणं चराच्या कडेलाच झाली. बातम्याही तिथंच झाल्या, घास खाता खाता. नार्नूरच्या सोबत्यानं सांगितलं की त्याची झाडं वेळेत उघडी झाली, दोनच शंकास्पद आहेत. मग म्हणाला, आई गेली मागच्या महिन्यात. सगळे थांबले. कारकुनाची उटनूरला बदली झाली होती. डॉक्टरीवाल्या पोरीच्या बापाला लोकांनी आधी लिंबाचं विचारलं. माझ्या पाळीला मी म्हणालो, "झाडं नाहीत." कुणीतरी माझ्या पानात ठेचा वाढला. ताई त्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

त्यानंतर हिवाळाभर मी दर पंधरवड्याला तलमडुगुला जात होतो. खरवडलेल्या जखमा बघायच्या, मलम धुतला गेला असेल तिथं पुन्हा लावायचा. काही झाडं गेली, ती आम्ही दोघांनी मिळून काढली. सासरे बांधावर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "कापसाले येवढे डॉक्टर येत नाईत." ताई हसल्या. मी मात्र झाड उपटत होतो.

माघ संपता संपता ताईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "झाडं फुलले! पांढरे झाले नुसते. या, पाहा तरी."

मी हो म्हटलं आणि लगेच निघालो. डिंक्यानं मरायला टेकलेली मोसंबी जाताना अशीच फुलते, फांदी दिसणार नाही इतकी. माझी बाग शेवटच्या वर्षी जशी फुलली होती तशी आधी कधी फुलली नव्हती. शेजारीपाजारी बघायला आले होते. मी फोनवर काही बोललो नाही. पण बसमध्ये बसल्यावर वाटलं, हे पुन्हा तेच चाललंय. म्हणून बसमधूनच परत फोन लावला. "ताई, खूश होऊ नका एवढ्यात. मरतं झाडबी असंच फुलते. मी येऊन पाह्यतो, मंग सांगतो."

त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगतलं. या."

झाडापाशी बसून मी जखमेच्या कडा बघितल्या. कडेला नवी साल गुंडाळत आली होती, ओठासारखी जाड. नखानं किंचित खरवडलं, आत हिरवं. दुसरं झाड, हिरवं. ताई माझ्या मागंमागं येत होत्या, प्रत्येक झाडापाशी माझ्या तोंडाकडं बघत. तीन झाडांच्या सालीखाली तपकिरी निघालं, आणि सगळ्यात जास्त फूल त्या तिघांवरच होतं. ते मी तिथंच सांगितलं. त्यांनी मान हलवली. बाकीची जगली होती. सगळ्या ओळी संपल्यावर मी बांधावर बसलो आणि मला रडू आलं. बावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या वावरात बसून रडणं चांगलं दिसत नाही, पण आलं.

"आता काय रडता," ताई म्हणाल्या. "फुलं काढाव लागतात ना?"

काढावीच लागणार होती. आजारातून उठलेल्या कोवळ्या झाडावर फळ धरू देत नाहीत. जोर फळात जातो, झाड मागं पडतं. ताईंना ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. हात धजत नव्हता, म्हणून मला बोलावलं होतं. आम्ही समोरासमोर उभं राहून एकेक फांदी ओंजळीत धरून फुलं उतरवायला लागलो. पांढरा सडा पडला. माशा घोंगावत राहिल्या. मी मनात एकेकाचे आभार मानत होतो, साहेबांचे, नर्सरीवाल्याचे, हिचे, समोर उभ्या असलेल्या या बाईचे, जिनं रागाला वेळ नाही म्हणून माझ्या हाती काम दिलं. तोंडानं म्हणणार होतो. पण त्यांचं लक्ष फांदीकडं होतं.

शेवटच्या झाडाशी त्यांनी हात झटकले आणि ओळीवरून नजर फिरवली.

"पुढच्या वर्षी या तुमी," त्या म्हणाल्या. "पर फुलाले हात लावाचा नाई. पुढच्या वर्षी मी ठेवनार हाय."